उलाळ

गेवराईत धुळाजीला धुळाजी म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, त्याचा थोरला भाऊ म्हाळू. बायको सारजाबाई नवऱ्याचं नाव घेत नसे, ती रीतच. बाकी सगळा गाव त्याला उलाळ्या म्हणायचा. न्हावी म्हणायचा, आडावरच्या बाया म्हणायच्या, आणि ज्यांना गाडी कशाशी खातात हेसुद्धा ठाऊक नाही असली माणसंही म्हणायची.

ज्यानं कधी बैलगाडी भरली नाही त्याला या शब्दाची धार कळायची नाही. गाडीला आख एकच. आखाच्या पुढं भार थोडा जादा पाहिजे, बैलांच्या मानेवर जू टेकून राहील एवढा. मागं जादा झाला की गाडी उलाळ. मग पुढचं वर अन् मागचं खाली. सपाटीला बैलं गळ्यातल्या जुपणीनं कसंबसं धरून नेतात, पण चढाला गाडी एकदा मागं बसली की जू आभाळाकडं जातं आणि बैलांना फास बसतो. उलाळ गाडी भरणाऱ्या गाडीवानाच्या दारात कुणी माल घेऊन येत नाही.

आणि हे नाव त्याला चिकटवलं मोहनराव आडत्यानं. तेच तर जाळत होतं.

दोन वर्षांमागं, निजामाच्या राज्यातल्या फसली तेराशे बेचाळीस सालच्या सुगीत, मोहनरावाचा माल जालन्याच्या रेल्वेवर न्यायला धुळाजीची गाडी लागली होती. धुळाजीनं खाली सरकीची पोती रचली, वर कापसाचे बोद, ते भलेमोठे फुगीर थैले, चढवले, दोर आवळला, जू एका हातानं उचलून तोल बघितला. गाडी अशी बसली होती की बैलं खुशीत चालली असती. तेवढ्यात मोहनराव आडतीच्या ओट्यावरून खाली आला. सरकीची दोन पोती उरली होती.

"ही मागं टाका," तो हमालांना म्हणाला.

"मालक, मागं न्हाई जमायचं. उलाळ व्हईल. समदं उतरून परत भरतो, घटकाभरचं काम हाय."

"घटकाभर कुणाला येळ हाय? तुजं काम हाकायचं. भरायचं म्या बगतो."

हमालांनी पोती टाकली. धुळाजी गप बसला. पुढं दोन वर्षं तो रोज स्वतःला विचारत होता, कावून गप बसलास रं? गंगा, म्हणजे इथली गोदावरी, ओलांडली, वाळू ओलांडली, शहागडचा चढ लागला. म्हाळू रिवाजाप्रमाणं मागं चालत होता, बाभळीचा ठोकळा हातात घेऊन. बैलं दम खायला थांबली की चाकामागं ठोकळा सारायचा, हे चढावरचं काम. अर्ध्या चढाला गाडी मागं बसली. उजवा बैल पवळ्या जुपणीला टांगला गेला आणि जुपणी कापेपर्यंत मेला. गाडीचं मागचं लाकूड म्हाळूच्या कमरेवर आलं. तो वाचला. पाय मात्र गेले.

चावडीत मोहनराव सरळ म्हणाला, "म्या पोती टाकली? कुणी बगितलं? भरता येत न्हाई अन् आळ माज्यावर. उलाळ्या हाय ह्यो, उलाळ्या." हमालांनी खाली बघितलं. त्यांची भाकरी आडतीवर होती. सगळे हसले, आणि त्या दिवसापासून नाव पडलं.

यंदा मोहनरावानं लारी आणली. गेवराईतली पहिली लारी. वीस-पंचवीस गाड्या बिनकामाच्या झाल्या, बैलं दावणीला उभी राहून शेण टाकू लागली, गाडीवान पारावर बसून लारीला शिव्या घालू लागले. पण लारीलाही शहागडचा चढ जमेना. तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा ती अर्ध्यात अडकली. मागची चाकं चिखलात गरागरा फिरायची, आणि लारी जागची हलायची नाही. शेवटी चार बैलजोड्या लावून ओढावी लागायची. चौथ्या खेपेला भरायलाच कुणी येईना. गाडीवानांनी ठरवून टाकलं होतं, त्या अवदसेला हात लावायचा नाही.

सारजाबाई आडतीत कापसातली पत्ती वेचायला जायची. दिवस मावळायच्या आत ती घरी आली, पाटी उंबऱ्याशी ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मालकानं सांगावा दिलाय," ती म्हणाली. "म्हणला, तुज्या उलाळ्याला सकाळी धाड. लारी भरायची हाय."

"तू काय म्हणलीस?"

"म्या काय म्हणणार? समदे हसाया लागले. म्या खाली बगून पत्ती येचली."

धुळाजी दोर वळत बसला होता. गाडी मोडीत गेली, एक बैल मेला, दुसरा विकला, तरी दोर वळायची त्याची सवय गेली नव्हती. त्यानं पीळ हातातच धरून ठेवला. "जाणार न्हाई," तो म्हणाला.

कोपऱ्यातून म्हाळू बोलला. दोन वर्षं तो त्याच घोंगडीवर पडून होता, एका वेळेला एकीच्या वर भाकर खात नव्हता. पाय वाळून तुरीच्या काड्यांसारखे झाले होते, पण आवाज होता तसाच दांडगा. "जा."

"कावून?"

"मालक संगं जाणार हाय का?"

सारजाबाई म्हणाली, "हाय की. डायवरापाशी बसून जाणार हाय. जालन्याला काम हाय म्हणं."

"मग जा," म्हाळू म्हणाला. "भरता येतंय न्हवं तुला? भर. मागं भर. माज्या येळी भरली व्हती तशी भर."

सारजाबाईनं दोघांकडं बघितलं आणि चुलीपुढं जाऊन बसली. थोरल्या दिराचं अंग दोन वर्षं तिनंच पुसलं होतं.

म्हाळूनं उशाखालून बाभळीचा ठोकळा काढला. त्या दिवसाचाच ठोकळा, एका बाजूला चाकाच्या लोखंडी धावेचा चट्टा पडलेला. "ह्यो घिऊन जा. चढाला हातात धर. अन् लावू नगंस."

सकाळी धुळाजी आडतीत गेला. लारी वाड्याच्या तोंडाशी उभी होती, डोळे वटारल्यासारखे दोन दिवे. तिचा डायवर लालखाँ बीडचा, साठीकडं झुकलेला, तोंडात पान. त्याच्या बाजूला दारच नव्हतं. धुळाजीनं ते आधी बघून घेतलं. म्हातारा उडी मारील, सुटंल, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. लालखाँनं एकदा म्हाळूला तंबाखू धाडली होती. त्याचं वाईट व्हावं अशी धुळाजीची इच्छा नव्हती.

"काय उलाळ्या," मोहनराव ओट्यावरून म्हणाला. पांढरं धोतर, जरीचा रुमाल, हातात चांदीच्या मुठीची काठी. "आता ही तरी उलाळ करू नगंस."

हमाल हसले. धुळाजी हसला नाही, पण मान मात्र हलवली. आज मान हलवायला त्याला जड गेलं नाही.

मग त्यानं लारी भरली. आणि काय भरली म्हणता. पुढं, डायवराच्या पाठीशी, नुसते कापसाचे बोद, दिसायला डोंगर अन् वजनाला फुसके. सरकीची सगळी पोती आखाच्या मागं, शेवटच्या फळीला चिकटून, एकावर एक, तोंडं आत करून. कुणी लांबून बघितलं तर वाटावं, पुढंच भार आहे. हमाल पोतं पाठीवर घेऊन यायचा, धुळाजी बोट दाखवायचा, "मागं. आणिक मागं." प्रत्येक पोत्याला त्याला पवळ्याची जीभ बाहेर आलेली दिसायची, आणि त्याला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, लई बरं वाटायचं.

दोर बांधायची वेळ आली तेव्हा त्याला वाटलं, गाठ सैल ठेवावी. हातांनी ऐकलं नाही. दोन्ही बाजूंनी दोर फिरवला, गुडघा रोवून आवळला, फळीच्या कड्याला अशी गाठ मारली की हत्तीनं ओढली तरी सुटू नये. माल इकडचा तिकडं हलणार नव्हता. जे होणार ते भारानं होणार होतं, गाठीनं नाही. धुळाजीच्या गाठीला गेवराईत अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं.

लालखाँनं एक फेरी मारली. पोत्यांवर थाप मारली, दोर ओढून बघितला. "वजन पिच्छे डाल्या रे तू?"

धुळाजीनं दोराची गाठ उगाच पुन्हा दाबली. "व्हय," तो म्हणाला.

लालखाँ पान चघळत त्याच्याकडं बघत राहिला, थुंकला, आणि हँडल मारायला गेला.

मोहनराव आत बसला. त्याच्या बाजूच्या दाराचा खटका तुटला होता. "हे दार वाजतंय. बांध रं," तो म्हणाला. धुळाजीनं सुतळी घेतली आणि बाहेरून दार बांधलं. दोन वेढे, वर गाठ, गाठीवर गाठ. बांधताना मोहनरावाचा गुडघा त्याच्या हातापासून वीतभर होता.

मग धुळाजी मालावर चढून बसला आणि लारी निघाली. थंडीचे दिवस होते. गंगेला पाणी घोट्याएवढं होतं, वाळूवर तुराट्या अंथरून वाट केली होती. लारी पाण्यातून थबथबत पलीकडं गेली आणि चढाच्या तोंडाशी उभी राहिली. ओल्या चाकांनी चढाचा चिखल केलेला होताच. बाजूला उत्तरेश्वर गाडीवान आणि त्याची माणसं चार बैलजोड्या घेऊन उभी होती. मोहनरावानं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. उत्तरेश्वर गाडीवानांत सगळ्यांत जुना. लारीला हात लावायचा नाही हेही त्यानंच ठरवलेलं. ओढायला मात्र तो खुशीनं यायचा, लारी फजीत झालेली बघायला.

धुळाजी खाली उतरला. ठोकळा हातात घेतला. लारीच्या मागं न जाता तो वाटेच्या कडेला, एका हिवराच्या झाडाशी जाऊन उभा राहिला. आता बसंल मागं, त्याच्या मनानं म्हटलं. आता पुढचं वर व्हईल. आता बग म्हणावं आभाळ.

लालखाँनं लारी चढाला घातली. पुढची चाकं हलकी झाली, जमिनीला नुसती शिवत डुगडुगली. पण मागची चाकं, जी तीन खेपा चिखलात गरागरा फिरली होती, ती आज फिरली नाहीत. सरकीच्या सगळ्या पोत्यांचा भार त्यांच्यावर बसला होता. चाकांनी चिखल चावला, धरला, आणि लारी घोरत घोरत, न थांबता, वर निघाली. अर्धा चढ संपला. मधल्या टप्प्याला, जिथं जमीन जराशी सपाट होते, तिथं ती धूर सोडत उभी राहिली.

करायला गेला गणपती अन् झाला मारुती. धुळाजी ठोकळा घेऊन पळत वर गेला. त्याला काही उमगत नव्हतं. लालखाँ आपल्या बिनदाराच्या बाजूनं बाहेर वाकून हसत होता.

"क्या बांध्या रे तू लारी," तो म्हणाला. "इन्नो सब गाडीवाले बोजा सामने डालते थे, मेरी कोई सुनते नई थे. बैलगाडी के बैल सामने रहते रे. इसके बैल पिच्छे है, पिच्छे."

मागच्या चाकांकडं बघत धुळाजी उभा राहिला. बैल मागं असतात म्हणं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्या मनात हे आलं नव्हतं की बैल मागं असलेली गाडी असू शकते. त्याला रडायला आलं. ज्या भारानं त्यानं मोहनरावाला मारायचं ठरवलं होतं, त्याच भारानं त्याला चढ चढवून दिला होता. एवढी मोठी नामुष्की चावडीतसुद्धा झाली नव्हती.

"उलाळ्या, दार सोड," आतून मोहनराव ओरडला.

त्यानं गाठ सोडली. गाठीवरची गाठ सोडायला वेळ लागला. मोहनराव खाली उतरला आणि काठी टेकत मागं येऊन उभा राहिला. चेहरा फुलला होता. उत्तरेश्वर आणि माणसं चढून वर आली होती, बैलं खालीच उभी.

"बगितलंस उत्तरेश्वर? तुज्या जोड्या जाऊ देत घरला. आता मला गरज न्हाई."

उत्तरेश्वरानं लारीच्या मागच्या अंगाकडं बघितलं. "भार लई मागं दिसतोय, मालक."

"मागंच पाहिजे," मोहनराव म्हणाला. गडी रंगात आला होता. "तुमी गाडीवान जलमभर पुढं पुढं करत बसलात. म्या कवाचा सांगतोय, भार मागं टाका. दोन वर्सामागं ह्याच चढाला ह्यो उलाळ्या मला अक्कल शिकवीत व्हता, मागं न्हाई जमायचं म्हणून. म्या ऐकतोय व्हय? दोन पोती मागं टाकायलाच लावली. आज कळलं का न्हाई त्येला, खरं कुणाचं व्हतं?"

खाली एका बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली तेवढीच.

उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "कंची दोन पोती, मालक?"

"सरकीची," मोहनराव म्हणाला, आणि थांबला.

"चावडीत तर तुमी म्हणलता, पोती टाकलीच न्हाईत."

मोहनरावानं रुमाल नीट केला. "त्ये येगळं," तो म्हणाला. "आता त्येचं काय? येळ व्हतोय."

गाडीवानांनी एकमेकांकडं बघितलं. ही सगळी माणसं त्या दिवशी चावडीत हसली होती. पवळ्या मेला तेव्हा याच माणसांनी खड्डा खणला होता. एक जण खाली बसला, मग दुसरा. उत्तरेश्वरानं घोंगडी अंथरली आणि तिच्यावर मांडी घातली.

तेवढ्यात लारी बोटभर मागं सरकली.

"सेठ," लालखाँ आतून ओरडला. त्याचा पाय ब्रेकवर ताणलेला होता. "बिरीक नई पकड रा. कोई लकडा लगाव, जल्दी."

"लावा रं," मोहनराव म्हणाला. कुणी उठलं नाही. "उत्तरेश्वर, ऊठ की."

"आमाला जोड्या घिऊन घरला जायाला सांगितलंय, मालक."

लारी आणखी वीतभर सरकली. खाली गंगेचं पाणी दिसत होतं. मोहनराव धुळाजीकडं वळला. "उलाळ्या, ठोकळा हाय न्हवं हातात? लाव."

धुळाजीनं ठोकळ्याकडं बघितलं. धावेचा चट्टा वर आला होता. म्हाळू म्हणाला होता, लावू नगंस. त्यानं ठोकळा पुढं केला, तो मोहनरावाच्या छातीपाशी.

"माजं काम भरायचं, मालक. तवा तुमीच वाटणी केलती, तुजं काम हाकायचं म्हणून. म्या भरली. मागं भार तुमाला पाहिजे व्हता. मागं तुमीच चाला."

मोहनरावानं त्याच्याकडं बघितलं, बसलेल्या माणसांकडं बघितलं, लारीकडं बघितलं. त्याचा सगळा सुगीचा माल त्या लारीत होता आणि लारी पाण्याकडं निघाली होती. त्यानं काठी टाकली. ठोकळा घेतला, वाकला, आणि चाकामागं सारला. चाक ठोकळ्यावर बसलं तेव्हा त्याची बोटं कशीबशी सुटली.

धुळाजी दोर धरून मालावर चढला आणि मागच्या फळीवरून खाली वाकला. मोहनराव बरोबर त्याच्याखाली होता. जरीचा रुमाल, त्याखाली मान. सरकीची सगळी पोती त्या मानेवर टांगल्यासारखी उभी होती.

"मालक," धुळाजी म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणं. "भिऊ नगा. दोर माजे हायेत, सुटायचे न्हाईत. भार मात्र मागं हाय. म्हाळूच्या डोक्यावर व्हता तसाच."

लालखाँनं लारी पुन्हा चढाला घातली. वरचा अर्धा चढ खालच्यापेक्षा उभा होता. लारी चार हात जायची, दम खायची, आणि मोहनराव वाकून ठोकळा लावायचा. पुन्हा चार हात. धोतराचा काष्टा चिखलात लोळायला लागला. एकदा पाय घसरून तो दोन्ही गुडघ्यांवर आला, तसाच ठोकळा पुढं ढकलला, आणि चाक मागं येऊन ठोकळ्यावर ठेचलं. त्यानं वर बघितलं. पोत्यांची फळी करकरत होती. तोंड उघडं, डोळे पांढरे. दोन वर्षांपूर्वी म्हाळूनं असंच वर बघितलं असणार. धुळाजी मालावर पालथा पडून ते तोंड बघत राहिला. नजर काढली नाही. जेवढं बघता येईल तेवढं त्यानं बघून घेतलं.

खाली घोंगडीवरून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं नाही, नुसतं बोलल्यासारखं, "उलाळ्या."

धुळाजीनं सवयीनं मान वळवली. पण कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. सगळे चढावर वाकलेल्या त्या पांढऱ्या धोतराकडं बघत होते.

लारी माथ्यावर पोचली तेव्हा मोहनराव पुढं जाऊन बसला नाही. वाटेच्या कडेला तो बराच वेळ वाकून उभा होता, हात गुडघ्यांवर. धुळाजीनं खाली उतरून चिखलातला ठोकळा उचलला, खांद्यावरच्या घोंगडीच्या टोकानं पुसला आणि तिथूनच माघारी वळला. दाराला सुतळी कुणी बांधली, त्यानं बघितलं नाही.

रात्र वाटेतच काढून दुसऱ्या दिवशी दुपारी तो पायी घरी पोचला. सारजाबाई आडतीत गेली नव्हती. गंगेवरची बातमी गाडीवानांच्या तोंडानं त्याच्या आधीच आडावर पोचली होती. तिनं पायावर पाणी घातलं.

म्हाळू भिंतीकडं तोंड करून पडला होता. "मेला का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," धुळाजी म्हणाला आणि सगळं सांगितलं. बैल मागं असतात तेही सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं.

म्हाळूनं हात मागं केला. धुळाजीनं ठोकळा त्याच्या हातात दिला. म्हाळूनं तो चाचपला. जुन्या चट्ट्याशेजारी नवा चट्टा होता, रुंद, रबरी चाकाचा काळा.

"ह्यो त्यानं लावला?"

"व्हय. आठ-नऊ येळा."

"त्येचे हात थरथरत व्हते?"

"लई."

"वर बगत व्हता?"

"समदा चढ."

म्हाळूनं ठोकळा उशाखाली सारला. "सारजाबाई," तो म्हणाला, "भाकर वाढा. आज दोन वाढा."